खेळणाऱ्यांचा कौल

बुद्धिबळाच्या पटावर हत्ती मेला, तर तो का मेला असे कोणी विचारत नाही. उंट तिरकाच का चालतो, प्यादे मागे का फिरत नाही, याची कारणे मागायची नसतात. तो खेळाचा कायदा असतो. पण समजा, समोरच्या खेळाडूने तुमचा हात धरला आणि विचारले, "थांबा, या हत्तीला तीन दिवस चारा मिळालेला नाही. तो इतका पुढे येईलच कसा?" तर त्या क्षणी बुद्धिबळ संपते आणि दुसराच एक खेळ सुरू होतो. त्या खेळात हत्तीला भूक लागते, नदीला पूर येतो, सरदाराचा निरोप उशिरा पोहोचतो. आणि मुख्य म्हणजे, खेळणारा माणूस खेळ रचणाऱ्याला जाब विचारू शकतो.

अमेरिकेत १९५० नंतरच्या तीन दशकांत असा खेळ रुजला, वाढला आणि त्याच्याभोवती नियतकालिकांचे एक वेगळेच जग उभे राहिले. तिकडे त्याला 'वॉरगेम' म्हणतात, आपण 'युद्धपट' म्हणू. पट म्हणजे एखाद्या खऱ्या रणभूमीचा नकाशा. त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरे आखलेली. सोंगट्या म्हणजे पुठ्ठ्याचे लहानसे चौकोन. प्रत्येकावर पथकाची खूण आणि दोन-तीन आकडे छापलेले: लढण्याचे बळ किती, एका खेपेत चाल किती घरांची. जंगल लागले, डोंगर आला की चाल मंदावते. शत्रूवर हल्ला करताना दोन्ही बाजूंच्या बळाचे प्रमाण काढायचे, तीनास एक की दोनास एक ते पाहायचे, फासा टाकायचा आणि तक्त्यात निकाल बघायचा. हिशेबाला जागा आहे, नशिबालाही आहे.

मला या खेळांपेक्षा त्यांच्याविषयी खेळणाऱ्यांनी दिलेल्या मतांचे कुतूहल अधिक वाटते. सामान्य वाचकाचे मत कसे घ्यावे, त्याचे काय करावे आणि ते कुठे अपुरे पडते, याचा इतका स्वच्छ नमुना दुसरीकडे सहज सापडायचा नाही. हा प्रश्न केवळ खेळाचा नाही. इतिहासावर मत द्यायचा अधिकार कोणाला, आणि त्या अधिकाराबरोबर कोणती जबाबदारी येते, असा तो प्रश्न आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. चार्ल्स रॉबर्ट्स नावाच्या तरुणाने १९५४ साली 'टॅक्टिक्स' हा खेळ विकायला काढला. त्यात दोन काल्पनिक देश लढत. काल्पनिक देशांविषयी तक्रार कोण करणार? पण १९५८ मध्ये त्याच्या 'ॲव्हलॉन हिल' या कंपनीने 'गेटिसबर्ग' आणला. अमेरिकेच्या यादवी युद्धातली, जुलै १८६३ मधली ही लढाई तिथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. खऱ्या लढाईला हात घातला की खेळ रचणारा एकटा मालक राहत नाही. कोणते पथक कोणत्या रस्त्याने किती वाजता आले, हे ज्याने वाचले आहे तो प्रत्येक जण त्याचा परीक्षक होतो.

या परीक्षकांना १९६४ मध्ये हक्काची जागा मिळाली. 'ॲव्हलॉन हिल'ने 'द जनरल' नावाचे नियतकालिक सुरू केले. खेळाच्या जाहिरातीसाठी काढलेले पत्र, पण ते भरले वाचकांनी. 'स्टालिनग्राड' या १९६३ च्या खेळात रशियन सैन्य सुरुवातीला कसे मांडावे, यावर वाचकांनी वर्षानुवर्षे लेख पाठवले, एकमेकांचे मुद्दे खोडले. गावात जोडीदार नसलेल्यांनी जाहिराती देऊन जोडीदार शोधले आणि टपालाने डाव खेळले. टपालाच्या खेळात फासा कोणी टाकायचा आणि त्यावर विश्वास कोणी ठेवायचा? त्यावर तोडगा असा काढला होता, की दोघांनी आधी एखाद्या कंपनीचा शेअर आणि तारीख ठरवायची. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या बाजारात त्या शेअरची जी उलाढाल होईल तिचा शेवटचा आकडा म्हणजे फाशाचे दान! आयुष्य आकड्यांत गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही युक्ती वाचून मनापासून हसू आले. शेअरबाजाराचा इतका निरुपद्रवी उपयोग माझ्या माहितीत दुसरा नाही.

दुसरे नियतकालिक याहून महत्त्वाकांक्षी होते. 'स्ट्रॅटेजी अँड टॅक्टिक्स' हे नाव. १९६७ मध्ये अमेरिकी हवाई दलातल्या ख्रिस वॅग्नर या हौशी माणसाने ते सुरू केले. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स डनिगनने ते हाती घेतले आणि एक धाडसी प्रथा पाडली: प्रत्येक अंकात एक संपूर्ण खेळ, नकाशा आणि सोंगट्यांसह. आपल्याकडे दिवाळी अंकाबरोबर कॅलेंडर मिळते, तिथे अंकाबरोबर एक लढाई मिळू लागली. शिवाय वाचकांसाठी एक प्रश्नावली आणि उत्तरांचे कार्ड असे. प्रत्येक लेखाला, प्रत्येक खेळाला एक ते नऊ यांपैकी गुण द्यायचे. पुढे कोणते खेळ काढावेत याचे प्रस्तावही छापले जात आणि वाचक त्यांवर मत देत. कार्डे परत येत, आकडे यंत्रात भरले जात, सरासरी निघे आणि त्यावरून पुढचे बेत ठरत.

'द जनरल'नेही गुणांची पद्धत ठेवली होती. गंमत म्हणजे तिथे एक म्हणजे उत्कृष्ट आणि नऊ म्हणजे टाकाऊ, तर पलीकडे नऊ म्हणजे सर्वोत्तम. दोन्ही पत्रे घेणाऱ्या वाचकाची काय तारांबळ उडत असेल! पण 'द जनरल'च्या तक्त्यातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. तिथे एका खेळाला एकच गुण नसे. नकाशा कसा, सोंगट्या कशा, नियम पुरते आहेत का, डाव दोन्ही बाजूंना न्याय्य आहे का, खेळताना रंगत किती येते आणि तो इतिहासाशी कितपत प्रामाणिक आहे, या प्रत्येकाचा रकाना वेगळा. म्हणजे खेळणारा असे म्हणू शके, की या खेळाला रंगतीत पहिला वर्ग, पण इतिहासात काठावर पास. किंवा उलट.

मी कादंबरीकार आहे, म्हणून हे रकाने पाहून मला जरा असूयाच वाटली. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरीला असे दोन वेगळे गुण द्यायची सोय कुठे आहे? पुस्तकाने डोळ्यांत पाणी आणले की ते खरे, असे आपण धरून चालतो. त्यातली तारीख चुकली असे कोणी म्हणाले, तर तो रसिक नाही असे ठरते. रंगत आणि सत्य हे दोन्ही हवेत, पण ती दोन आहेत, हे त्या पुठ्ठ्याच्या सोंगट्या खेळणाऱ्यांनी ओळखले होते.

या मतांचा आणखी एक गुण सांगायचा, तर त्यांना हिशेब चिकटलेला असे. एखाद्याला वाटले, की अमुक सेनापती दोन दिवस आधी निघाला असता तर जिंकला असता. ठीक आहे. मांडा पट. दोन दिवस आधी निघा. वाटेत पूल आहे का? दाणागोटा पुरतो का? आणि तुम्ही लवकर निघालात म्हणून शत्रू काय झोपून राहणार आहे? दहा वेळा खेळून पाहा आणि मग लिहा. अशा लेखावर दुसरा वाचक नुसते 'मला पटत नाही' म्हणत नसे. तो त्याच पटावर, त्याच नियमांनी उलटा डाव मांडून दाखवी. ज्या मताला दुसऱ्याने तपासून पाहायची वाट ठेवलेली असते, त्याला मी मत म्हणतो. बाकीचे सगळे हुंकार.

इथपर्यंत कौतुक झाले. आता दुसरी बाजू.

कोकणात देवाला कौल लावतात. देव उजवा किंवा डावा कौल देतो. पण प्रश्न काय विचारायचा ते माणसानेच ठरवायचे असते. विहिरीला पाणी लागेल का, हे विचारले तर विहिरीपुरतेच उत्तर मिळते. विहीर खणावी तिथे शेजाऱ्याची जमीन तर नाही ना, हे देव आपणहून सांगत नाही. मतांच्या कार्डाचेही तेच. बँकेत ग्राहकसेवेचे फॉर्म मी ढिगाने पाहिले आहेत. काउंटरवरचा कर्मचारी नम्र होता का, असा प्रश्न त्यात असे. हा फॉर्म तुम्हाला वाचता येतो का, असा प्रश्न कधीच नसे. आणि ज्याला तो वाचता येत नव्हता, त्याचे मत अर्थातच सरासरीत आले नाही.

युद्धपट खेळणारे बहुतेक अमेरिकेतले शिकलेले, पुस्तके वाचणारे पुरुष होते. स्त्रिया अगदी तुरळक. त्यांना जे माहीत होते त्यालाच त्यांनी मते दिली: यादवी युद्ध, नेपोलियन आणि सर्वांत जास्त दुसरे महायुद्ध. त्यातही रशियाची आघाडी विशेष आवडती. मग त्या आघाडीची माहिती इंग्रजी वाचकाला मिळाली कोठून? बरीचशी पराभूत जर्मन सेनापतींच्या आत्मचरित्रांतून. गुडेरियनचे पुस्तक १९५२ मध्ये इंग्रजीत आले, मानस्टाइनचे १९५० च्या दशकातच निघाले. त्यांचा एकंदर सूर असा, की आमचे सैन्य निष्णात आणि निष्कलंक, चुका केल्या त्या हिटलरने. रशियन कागदपत्रे त्या काळी बाहेरच्यांना बंद होती. तेव्हा पटावर जर्मन सोंगट्या चपळ आणि सोव्हिएत सोंगट्या संख्येने खूप पण बोजड, हे चित्र वाचकांना 'प्रामाणिक' वाटले तर नवल नाही. खेळणाऱ्याने इतिहासाच्या रकान्यात भरघोस गुण दिले. पण त्याने खेळ ताडून पाहिला तो ज्या पुस्तकांशी, त्याच पुस्तकांतून तो खेळ जन्मला होता! जामीनदारानेच कर्जदाराच्या चांगुलपणाचा दाखला द्यावा, तसला हा प्रकार.

रोनाल्ड स्मेल्सर आणि एडवर्ड डेव्हिस या दोन इतिहासकारांनी २००८ मध्ये पूर्व आघाडीच्या या मिथकावर पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी या खेळांचीही दखल घेतली आणि त्यांना बरेच खडे बोल सुनावले. त्यांचा रोख मला योग्य वाटतो. त्या आघाडीच्या मागे गावेच्या गावे जाळली गेली, ज्यूंना खड्ड्यांच्या काठावर उभे करून गोळ्या घातल्या गेल्या, लाखो युद्धकैदी उपासमारीने मेले. नकाशावर नदी होती, जंगल होते, लोहमार्ग होता. माणसांचे गाव हे मात्र केवळ चाल मंद करणारे एक घर होते. आणि 'या पटावर कोण नाही?' असा प्रश्न कोणत्याही कार्डावर नव्हता.

तपशील वाढवले की सत्य वाढते, हाही एक भ्रम इथे दिसतो. डनिगनच्या 'एसपीआय' या कंपनीने १९७९ मध्ये उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेवर रिचर्ड बर्गने रचलेला एक प्रचंड खेळ काढला. त्यासाठी दहा माणसे आणि हजाराहून अधिक तास हवेत. पेट्रोलचे बाष्पीभवन, प्रत्येक विमानाचा वैमानिक, सगळ्याचा हिशेब ठेवायचा. इटालियन पथकांना शेवया उकडायला जादा पाणी लागते, असाही एक नियम! तो रचनाकाराचा विनोद होता, पण गंभीरपणे पाळण्याइतका तो खेळ गंभीर होता. पाण्याच्या थेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या पटावरही वाळवंटातल्या त्या मुलखात राहणारी अरब माणसे प्यायला पाणी मागत नाहीत, हे सहज सुटून जाते.

युद्धाचा खेळ करावाच का, असे घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटेल. प्रश्न रास्त आहे. एच. जी. वेल्ससारख्या शांततावादी लेखकाने १९१३ मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने दिले, तेव्हा त्याचे म्हणणे साधारण असे होते की, हा लहानसा खेळ खेळून पाहिला की खरे मोठे युद्ध किती धांदलीचे आणि मूर्खपणाचे असेल ते कळते. दुसऱ्याच वर्षी खरे युद्ध आले आणि वेल्सचा खेळ कोणाला थांबवू शकला नाही. तरीही, पटावर आपल्या हाताने आखलेला उत्तम बेत तिसऱ्याच चालीत कोसळताना ज्याने पाहिला आहे, तो 'दोन दिवसांत संपवून टाकू' अशी भाषा करणाऱ्यांवर सहजी विश्वास ठेवणार नाही, असे मला वाटते.

आता पैशाची बाजू, कारण तिच्याशिवाय मताची किंमत कळत नाही. 'एसपीआय' १९८० पर्यंत कर्जात रुतली. १९८२ मध्ये 'टीएसआर' या दुसऱ्या खेळ-कंपनीने तिला सव्वाचार लाख डॉलर कर्ज दिले, तारण म्हणून तिची मालमत्ता घेतली आणि थोड्याच दिवसांत कर्ज परत मागितले. ते फिटणे शक्यच नव्हते. मालमत्ता गेली, तिच्यात नियतकालिकही गेले. नव्या मालकाने जुन्या वर्गणीदारांची जबाबदारी नाकारली. आजीव वर्गणी भरलेल्यांचीसुद्धा. कर्ज देणाऱ्याकडे तारण असते, वर्गणीदाराकडे फक्त पावती. बँकेत बसून हे मी अनेकदा पाहिले आहे. रांगेत शेवटी उभा असतो तो विश्वासावर पैसे देणारा. तेरा वर्षे ज्यांची मते यंत्रात भरून पुढचे खेळ ठरले, त्यांना या व्यवहाराविषयी कोणी कार्ड पाठवले नाही. मत मागणे वेगळे आणि हक्क देणे वेगळे.

पुढच्या पिढीने यातून काही धडे घेतलेले दिसतात. 'जीएमटी' या कंपनीने मताला पैशाचे वचन जोडले. नवा खेळ जाहीर करायचा आणि साधारण पाचशे जणांनी आगाऊ मागणी नोंदवली की छपाईकडे वळायचे. 'काढला तर बरे होईल' म्हणणे सोपे असते, 'काढा, मी घेतो' म्हणताना माणूस विचार करतो. पण खरा बदल याहून खोल आहे. २०१९ मध्ये याच कंपनीने आफ्रिका खंडाच्या युरोपीय वाटणीवरचा जाहीर केलेला एक खेळ मागे घेतला. युरोपची राष्ट्रे खेळाडू आणि आफ्रिकेतली माणसे म्हणजे नुसती पार्श्वभूमी, ही मांडणी खेळणाऱ्यांनाच खटकली होती. त्याच वर्षी त्याच कंपनीने ब्रूस मॅन्सफील्डने रचलेला 'गांधी' हा खेळ प्रसिद्ध केला. १९१७ ते १९४७ चा हिंदुस्थान. पटाभोवती चार पक्ष: ब्रिटिश राज, काँग्रेस, मुस्लिम लीग आणि क्रांतिकारक. बंडखोरी आणि तिचा बंदोबस्त यांवर बेतलेल्या युद्धपटांच्या मालिकेत अहिंसेने लढणारे पक्ष बसवायचे, म्हणजे खेळाची सगळी गणितेच नव्याने मांडायची. ज्या कार्डावर 'पटावर कोण नाही?' हा प्रश्न नव्हता, त्या परंपरेत पन्नास वर्षांनी तो प्रश्न विचारला गेला. तो विचारणारे खेळणारेच होते, ही मला सर्वांत आश्वासक गोष्ट वाटते.

हे सगळे मराठी वाचकाला सांगायचे कारण उघड आहे. 'असते तर' हा आपला आवडता प्रयोग आहे. एका लढाईचे नाव आपण पराभवाचा वाक्प्रचार करून टाकले आणि १४ जानेवारी १७६१ ची ती लढाई आपण आजही जेवणाच्या ताटावर लढतो. भाऊसाहेबांनी मल्हाररावांचे ऐकले असते तर? बायकापोरे आणि यात्रेकरू मागे ठेवले असते तर? त्र्यं. शं. शेजवलकरांनी १९४६ मध्ये पानिपतावर पुस्तक लिहून या चर्चेला कागदपत्रांचा पाया दिला. पण घरोघरची चर्चा अजून बहुधा आवाजाच्या पट्टीवर जिंकली जाते. ज्याचा अभिमान मोठा, त्याचे मत खरे. तिथे कोणी हळूच विचारावे, की छावणीत तोंडे किती होती, बैल किती, दिल्लीची वाट तुटल्यावर धान्य कोठून येणार होते, आणि तुम्ही म्हणता त्या वाटेने रोज किती कोस जाता आले असते? या प्रश्नांनी कोणाच्या शौर्याला बट्टा लागत नाही. उलट उपाशी माणसे त्या दिवशी किती वेळ लढली, हे त्यानेच कळते. आणि त्याच दमात हेही विचारावे, की त्या छावणीतल्या बिनलढाऊ माणसांना आपल्या 'असते तर'मध्ये जागा कुठे आहे?

इतिहासावर मत देण्याचा अधिकार फक्त प्राध्यापकांचा आहे असे मी मानत नाही. तो पोस्टाच्या कार्डावर एक ते नऊ आकडे लिहिणाऱ्या कारकुनाचाही आहे, आणि आपल्या बैठकीतल्या आजोबांचा व त्यांच्या नातीचाही. मात्र त्याबरोबर दोन गोष्टी मान्य कराव्या लागतात. आपल्या मताचा हिशेब दुसऱ्याला तपासू द्यायचा, आणि मत देण्यापूर्वी प्रश्नावलीत कोणता प्रश्न राहून गेला आहे तेही पाहायचे. मते मोजणे यंत्रालाही जमते. ती तोलायला माणूस लागतो.